शेततळ्याचा स्विमिंग पूल

४ मे
ठराव : जे स्वतः पाहिलं नाही ते पेजवर टाकायचं नाही. सोलापुरात एक तरी प्रामाणिक ट्रॅव्हल जर्नालिस्ट हवा. तो मीच.

६ मे
सांगोल्याकडच्या एका फार्म-स्टेच्या मालकाचा फोन. नाव वीरभद्रप्पा. फुकट राहा म्हणाले, चांगलं लिवा म्हणाले. माझं मत विकाऊ नाही, असं ठणकावलं. व्हय व्हय, तसंच लिवा की, म्हणाले. दिलदार माणूस.

९ मे
निघणार होतो. पण ऊन! त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलेत. फोटो पाहणं म्हणजे पाहणंच. रील टाकली : डाळिंबाच्या बागेत निळाशार स्विमिंग पूल, मुलांसाठी बेस्ट. ‘मुलांसाठी’ हे माझं. वाक्याला वजन येतं.

१० मे
धो धो लाइक्स. पाणी किती खोल, असं एकानं विचारलं. कमरेइतकं, असं कळवलं. अंदाज अनुभवातूनच येतो.

१४ मे
अकलूजहून धम्मप्रियाताईचा फोन. रविवारी लेकीला, चेतनाला घेऊन तिथंच जाणारेत. तू स्वतः गेलावतास ना, म्हणाली. हो म्हटलं. सख्ख्या बहिणीला फोनवर किती समजावणार?

१७ मे, रविवार
भावजींचा फोन. तो पूल नाही, शेततळं आहे. तळ्याला अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून चेतना घसरली. पाणी डोक्यावर, कडा गुळगुळीत, भावजींना पोहता येत नाही. धुळाप्पा नावाचे मेंढपाळ जवळच होते, त्यांनी घोंगडं टाकून ओढून काढली. पोरगी ठीक आहे. भावजी चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

१८ मे
वीरभद्रप्पांना झापायला फोन केला. आमी कुटं पूल म्हणलो, म्हणाले. फोटोखाली बघा की. बघितलं. ‘आमचं शेततळं. लेकरं लांब ठेवा’ असं लिहिलेलं आहे.
खुलासा लिहायला घेतला. ‘काही प्रेक्षकांचा गैरसमज झाला’. खोडलं. ‘तांत्रिक चूक’. खोडलं. शेवटी नुसतं लिहिलं : मी तिथं गेलो नव्हतो, ते तळं आहे, कुणी पाण्यात उतरू नका. रील काढली.

२१ मे
अकलूजला गेलो. ताईनं चहा दिला. चेतनाची नखं तुटलीत, कागद ओरबाडून. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनं हळूच विचारलं, मामा, तू त्या पाण्यात उतरलावतास, तेव्हा तू वर कसा आलास?