ओढ्याच्या रंगांचा तक्ता

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? वहिनी तुला कारखान्यात रंगाची पिंपं उचलू देत नाही ना? शाळेसाठी माझ्याकडे ठेवलेली तुझी लेक चिमणी आणि मी, दोघी मजेत. (मजेत म्हणजे, मी पायाला पट्टी बांधून लिहितेय. सांगते.)

त्याचं काय झालं, 'पाण्याचं प्रदूषण' हा धडा शिकवताना वर्ग जांभया द्यायला लागला, म्हणून मला अवदसा आठवली आणि मी सगळ्यांना शाळेमागच्या ओढ्यावर नेलं, हातात एकेक पोतं देऊन. तासाभरात बाटल्या, चपला, अर्धी छत्री आणि कमोडचं झाकण बाहेर आलं. झाकण कुणाच्या पोत्यात जाणार यावरून हाणामारी जुंपली, ती सोडवायला गेले आणि मीच गाळात फतकल मारली, वर पाय कापून घेतला. (मुख्याध्यापक नेमके तेव्हाच उगवले. मी बसल्याबसल्याच नमस्कार केला.)

कचरा निघाला रे, पण पाणी रोज रंग बदलतं! मुलांनी भिंतीवर तक्ता लावला: सोमवारी निळं, बुधवारी लाल, शुक्रवारी हिरवं. रंग येतो कुठून, ते शोधायचंच, असं त्यांनी डोक्यात घेतलं आणि मीही शहाणी, शाबासकी देऊन बसले. मग एक दिवस शुक्रवारचं 'हिरवं' कुणीतरी खोडून टाकलं. मी वर्गाला फैलावर घेतलं. घरी चिमणी जेवेना. तिच्या उशीखाली तू तिला लिहिलेली पत्रं सापडली: 'सोमवारी निळ्याची पिंपं धुतली, बुधवारी लाल रंगाची, शुक्रवारी हिरव्याची.'  दादा, तिला काय रागावणार? मलाही तेच खोडावंसं वाटलं.

बाकी सगळं ठीक. वहिनीला माझी आठवण सांग, पाठ शेक.

तुझी,
धाकटी

ता.क. येत्या शनिवारी आम्ही बत्तीस जण ओढ्याच्या काठाकाठाने तुझ्या कारखान्यापर्यंत चालत येतोय. मुलांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. रंगाचं पाणी ओढ्यात सोडण्याआधी गाळ बसवायची टाकी दोन वर्षं उद्यावर ढकलतोयस, आता तरी खणायला घे रे बाबा!

ता.ता.क. चिमणीला म्हटलं, तू घरी थांब. नाही म्हणाली. तिने तक्त्यावर पुन्हा स्वतःच 'हिरवं' लिहिलंय आणि मला विचारतेय, "आत्या, बाबांना पांढऱ्याची ऑर्डर कधीच का येत नाही?"