टाचणीवरची तिसरी चिठ्ठी

प्रिय चिमटी,

आमच्या संग्रहालयातल्या किड्यांचे फोटो काढून ते संगणकावर चढवायचं काम सुरू झालंय. तीन देशांची मंडळी एकत्र आलीत. किडे आमचे, कॅमेरे त्यांचे, कुरकुर मात्र समाईक. ड्रॉवर पुसायला म्हणून नोकरीला लागलेला तुझा बाप आता परदेशी पाहुण्यांना टाचणी कशी धरायची ते शिकवतो. आई म्हणते, किड्यांनीच तुम्हाला माणसात आणलं. तुझी जाळी तिने अजून दाराआड ठेवलीय.

काम नाजूक. टाचणीवर वर किडा, खाली चिठ्ठ्या: कुठे, कधी, कोणी पकडला. एकेक उतरवायची, फोटो घ्यायचा, त्याच क्रमाने परत ओवायची. माझे कान अजून तिखट आहेत हं. लाकूड आतून पोखरलं जात असेल तर ड्रॉवरला कान लावून सांगतो. घरातलं तेवढं ऐकू आलं नाही.

सोमवारी तुझा हिरवा भुंगा हाती आला. नऊ वर्षांची होतीस, मागच्या कुंपणावर ओंजळीत धरलास. पोराटोरांची नावं आमचे साहेब नोंदीत घेत नसत, म्हणून ‘संग्राहक’ म्हणून मी माझंच नाव ठोकून दिलं. ‘बाबा, पण पकडला मी ना?’ एवढंच म्हणालीस. मी हसण्यावारी नेलं. त्यानंतर तू जाळीला हात लावला नाहीस.

दोन चिठ्ठ्या उतरवल्या, तर खाली तिसरी निघाली, उलटी टोचलेली. पेन्सिलीने, तुझ्या लंगड्या अक्षरात: ‘हा मी पकडला. बाबा खोटं लिहितात.’ इतकी वर्षं त्या ड्रॉवरमधल्या डांबरगोळ्या मीच बदलल्या गं, ती टाचणी कधी उपसली नाही. नोंदी तपासणाऱ्या पाहुण्या बाईंनी अर्थ विचारला. एकही शब्द न गाळता सांगितला. त्या हसल्या, मग माझं तोंड बघून सावरल्या. म्हणाल्या, दुरुस्त करू या.

केलं. संग्राहक आता तू. पण नावापुढे दोन रकाने असतात, जन्माचं वर्ष आणि मृत्यूचं. पहिला झटक्यात भरला. दुसरा रिकामा राहिला तर माणूस हयात धरतात. मी तो चार दिवस रिकामाच ठेवला. तीन देशांच्या यंत्रांत तू चार दिवस होतीस, बाळा. आज आईला सांगितलं. ती म्हणाली, तिच्या बाबतीत एकदा खोटं लिहिलंत, आता पुन्हा नको. खरंय तिचं. पण तुला न विचारता एकदा लिहिलं होतं, म्हणून या वेळी आधी तुला कळवतोय. हे पत्र मिटलं की जाऊन तो रकाना भरतो.

तुझाच, उशिरा खरं लिहिणारा,
बाबा