प्रितमबद्दल मला नक्की काय वाटतं?

१७ नोव्हेंबर २०२४

काहीच वाटलं नाही!

साखरपुडा झाला. सगळं नीट झालं. प्रितमने अंगठी घातली, पेढा भरवला, बायका हसल्या, फोटोवाला म्हणाला, "वहिनी, इकडं बघा." मी बघितलं. आणि पेढा तोंडात असतानाच डोक्यात लख्खकन आलं — मला आत्ता काहीच वाटत नाहीये. आनंद नाही, धडधड नाही. नुसतं कोरडं.

अगं, हा माणूस तूच पसंत केलास ना? दीड वर्षं फिरलीस ना त्याच्यासोबत? पोलादपूरहून तो मोटरसायकलवर यायचा तेव्हा कंपनीच्या गेटपर्यंत पळत जायचीस. मग आज काय झालं?

मी मान खाली घातली. आईला वाटलं, लाजतेय.

१९ नोव्हेंबर

अजून तेच. कंपनीच्या बसमध्ये त्याचा फोटो उघडून बघितला. काही होतंय का? नाही. परत बघितला. थोडं झालं. की मीच ओढूनताणून आणलं? बिरवाडी ते कंपनी — चौदा वेळा बघितला.

२४ नोव्हेंबर

प्रितम घरी आला होता. वीज मंडळात वायरमन — आठवडाभर खांबावर, रविवारी मोकळा. चहा पिताना फुर्र आवाज करतो. आधी कधी लक्षातच आलं नव्हतं! आज दुसरं काही ऐकूच आलं नाही. आयुष्यभर हा आवाज? आणि चहाच्या आवाजाने जिचं मन उडतं तिचं प्रेम ते कसलं?

तो वरंधच्या लाइनवरच्या माकडांचं काहीतरी सांगत होता. मी हसले. मग लगेच तपासलं — मनापासून हसले का?

२ डिसेंबर

आज रेश्माला विचारलंच. कंपनीच्या लॅबमध्ये ती माझ्या शेजारच्या टेबलावर, लग्नाला सहा वर्षं झालीत. "तुला कसं कळलं गं, की हर्षदवर तुझं प्रेम आहे?"

ती म्हणाली, "कळायचं काय त्यात? भात शिजला का बघायला सारखं झाकण काढलंस तर शिजेल कधी तो?"

इतकं बरं वाटलं! अर्धा तास. जेवणाच्या सुट्टीत परत विचारलं. चहाला परत. शेवटी हातातलं ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "अनु, तू तेच विचारतेयस. शब्दसुद्धा तेच."

मला वाटत होतं, मी प्रत्येक वेळी नवीन काहीतरी विचारतेय.

८ डिसेंबर

सांगून टाकलं त्याला. पोलादपूर स्टँडसमोरच्या हॉटेलात, मिसळ समोर आल्या आल्या. "मला तुझ्याबद्दल काही वाटत नाही, असं मला वाटतं."

त्याचा पाव हातातच राहिला.

"दुसरा कोण हाय?"

"नाही."

"माझं काय चुकलं?"

"नाही रे."

"मग?"

मग काय! मलाच माहीत नाही. मी रडायला लागले, तर तोच माझी समजूत काढायला लागला. "लग्नाचं टेन्शन हाय गो. होतं असं." एसटीत बसले तेव्हा कापसासारखी हलकी झाले होते. महाड येईपर्यंत परत सुरू — टेन्शन आहे असं तो म्हणाला, पण नसेल तर?

१३ डिसेंबर

रोज फोन करतेय. रोज विचारतेय. तो रोज तेच उत्तर देतो. आज त्याने एक शब्द बदलला, तर मी तासभर त्या शब्दावर.

२१ डिसेंबर

आज माझ्या हातून काय झालं असतं!

दुपारी त्याला अकरा फोन केले. त्याने उचलला नाही म्हणून बारावा. तो खांबावर होता. खिशातला फोन थांबेना म्हणून वाटलं, घरात कोणी गेलं. घाईघाईत उतरताना पाय सटकला. कमरेला बांधलेल्या पट्ट्याने वाचला. हे मला त्याने नंतर सांगितलं, अगदी हळू आवाजात. "पट्टा नसता तर खाली आलो असतो गो मी."

आणि मी? मी ऐकून घेतलं आणि पुढच्याच श्वासाला विचारलं — तुला काय वाटतं, माझं तुझ्यावर आहे ना प्रेम?

 तो म्हणाला, "मी दमलो, अनु."

मी माणूस आहे की कोण?

२२ डिसेंबर

मोडलं. अंगठी परत केली.

बाबा चपला घालून बाहेर निघून गेले. आईने एवढंच विचारलं, "त्यानं काय केलं?"

"काही नाही."

"काय नाय केलं, मग मोडलंस कशाला गो?" आणि ती खाली जमिनीवरच बसली.

मला मात्र सुटल्यासारखं झालंय. महिन्यात पहिल्यांदा दोन भाकऱ्या खाल्ल्या.

२३ डिसेंबर

सकाळी दात घासत होते. ब्रश तोंडात. आणि आलं — चूक तर नाही ना केलीस?

तोच सूर! तेच चिकटणं. प्रितम नाही, अंगठी नाही, लग्न नाही — आणि हे आहेच! मोरीत तशीच उभी राहिले. फेस हनुवटीवरून ओघळला तरी भान नाही.

म्हणजे हे त्याच्याबद्दल नव्हतंच?

८ जानेवारी २०२५

रेश्मा ओढून घेऊन गेली. महाडला दर बुधवारी मानसोपचाराच्या डॉक्टर येतात. मला वाटलं, प्रेमाचं विचारतील. त्यांनी विचारलं, "गॅस बंद केलाय का, दाराला कडी घातलीय का, हे कधी परत परत बघायचात?"

 बारावीचं अख्खं वर्ष. आईशिवाय कोणाला माहीत नाही.

"तोच आजार. तेव्हा गॅसवर बसला होता, आता माणसावर बसला. मंत्रचळ म्हणतात याला."

"पण माझं प्रेम होतं की नव्हतं?"

"त्याचं उत्तर मी देणार नाही. तुम्हीही शोधायचं नाही. शंका आली की येऊ द्यायची, आणि हातातलं काम पुढे करायचं."

रजा टाकून गेले आणि उत्तरच नाही! गोळ्या दिल्यात.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

९ फेब्रुवारी

पोलादपूरला गेले. म्हटलं, त्याला निदान कळू दे. प्रितमने सगळं ऐकून घेतलं.

"आजार हाय, मान्य. राग नाय माझा," तो म्हणाला. "पण माझं ठरलं गो. माघ लागल्याबरोबर घरच्यांनी मुलगी बघितली. वरंधची हाय."

माझ्या तोंडून निघालं, "अभिनंदन!" कुठून निघालं, देव जाणे.

मी उठले तेव्हा म्हणाला, "तू मला रोज विचारायचीस. मला पण वाटायचं, विचारावं — की मी आवडतच नाय का हिला? पण मी कोणाला विचारणार होतो?"

त्याचं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. एकदाही नाही!

स्टँडवर सगळ्यांसमोर रडले. आणि त्यातही डोकं विचारतंय — हे खरं रडू आहे का? उत्तर शोधलं नाही. एसटी लागली, चढले, तिकीट काढलं.

१२ फेब्रुवारी

आज दवाखान्यात आई सोबत आली. मला वाटलं, माझ्यासाठी. खिडकीवर मी नाव सांगितलं, तर मागून ती म्हणाली, "माझं पण लिहा."

मी वळून बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासनं हाय मला. तुझ्या बाबांबद्दल. एकतीस वर्षं झाली गो. मला वाटायचं, मीच वाईट बाई हाय."