रेशनकार्डाची लिंक

१० मार्च, सोमवार. सकाळी ७.४०
जयश्रीचा मेसेज आला. दिवाळीपासून "ठीक" आणि "बरं" यांपलीकडचा पहिलाच. "रेशनकार्डाचा स्कॅन तुमच्या त्या ड्राइव्हवर आहे ना? त्याची लिंक पाठवा."
दिवाळीला मिथुनकडे वसईला आठ दिवसांसाठी गेली होती. सूनबाईची नोकरी, त्यामुळे लांबलं. स्वेटर नेलेला नाही, कपाटातच आहे. म्हणजे परत यायचंच आहे.
तलासरीच्या ऑफिसात बत्तीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं. रिटायर झाल्यावर घरातला प्रत्येक कागद आणि फोटो स्कॅन करून ड्राइव्हवर चढवला. एकूण २१४ फाइली. तेव्हा ती म्हणाली होती, "माणसांशी बोला की जरा." आता बघा, शेवटी लिंकच लागली.
संकल्प : नुसतं रेशनकार्ड पाठवायचं नाही. अख्खं फोल्डर पाठवायचं. जुने फोटो बघितले की डोळे भरून येतील.

११ मार्च
७.१० ला लिंक पाठवली. ७.१२ ला निळी टिक. ७.१५ ला उत्तर : "उघडत नाही. परवानगी नाही म्हणतं."
वसईला नेटवर्कची बोंब आहे. इकडे डहाणूत माझ्या फोनवर लगेच उघडतंय.

१४ मार्च
ईमेलवर परवानगीच्या विनंत्या येतायत. "जयश्री यांना ॲक्सेस हवा आहे." काल दोन, आज दोन. चार महिन्यांत तिने माझ्याकडे इतकं काही मागितलं नव्हतं.
वहीत आवक क्रमांक टाकून नोंद केली. लगेच मंजूर करणं बरं दिसत नाही. प्रत्येक गोष्टीला एक प्रोसिजर असते.

१५ मार्च
आज एकही विनंती नाही. ईमेल नऊ वेळा बघितला. बहुतेक सर्व्हर डाउन.

१६ मार्च, रविवार
स्टेशनरोडला संगीताच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. शिकायला नव्हे, सहज. तिने माझा फोन घेऊन अर्ध्या मिनिटात दाखवलं : शेअर, मग जिथे रिस्ट्रिक्टेड लिहिलंय तिथे "लिंक असलेले कोणीही" करायचं. मला माहीत होतंच, असं मी तिला सांगितलं.
"काकू कधी येणार?" तिने विचारलं. पाडव्याला, म्हणालो. "मागे तुम्ही संक्रांतीला म्हणाला होतात, काका," ती म्हणाली. या मुलीची स्मरणशक्ती नको तिथे चालते.
घरी येऊन विचार केला. "कोणीही" म्हणजे अगदी कोणीही? पुन्हा रिस्ट्रिक्टेड केलं. आता प्रत्येक फाइल फक्त तिच्यासाठी स्वतंत्र उघडायची आणि प्रत्येकीची स्वतंत्र लिंक पाठवायची. क्रमाने. रेकॉर्ड असंच सांभाळतात.

२३ मार्च
आज ६१ लिंका पाठवल्या. लग्न, नरपडचा किनारा, मिथुनचं बारसं, तिची शिवणाच्या क्लासची सर्टिफिकेटं.
तिचा मेसेज : "अहो, एवढं नको. फक्त रेशनकार्ड."
रेशनकार्ड २०७ नंबरला आहे. येईल क्रमाने.

३० मार्च, पाडवा
गुढी एकट्याने उभारली. थोडी वाकडी झाली, पण वारा समुद्राकडून होता.
ती आली नाही. पाडव्याला गाड्यांना गर्दी असते, हे आधीच लक्षात यायला हवं होतं. फाइल नंबर ११८ पर्यंत पोचलो.

४ एप्रिल
मिथुनचा फोन. म्हणाला, "बाबा, आईचा फोन हँग होतोय. रेशनकार्डाचा फोटो काढा आणि व्हॉट्सॲपवर टाका. दोन मिनिटांचं काम आहे." व्हॉट्सॲपवर अक्षर फुटतं, हे त्याला नीट समजावलं. तो मग म्हणाला, "आईला एक काम करायचंय, बाबा." कसलं काम, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
विचारायची गरजच काय? रेशनकार्डावर आमची तिघांची नावं एकाखाली एक आहेत. बघावंसं वाटत असेल.

७ एप्रिल
शनिवारपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा. गेल्या तीस वर्षांत तिने एकही चुकवलेली नाही. गाद्यांना ऊन दाखवलं. तिच्या बाजूचा पंखा पुसला. नरपडहून पापलेट आणून फ्रीजरमध्ये ठेवले. दोघांना पुरतील असे.

९ एप्रिल. सकाळी ११.०५
क्रम मोडून २०७ पाठवली. "लिंक असलेले कोणीही" करून. आधी दुसऱ्या फोनवरून उघडून बघितली, संगीताच्या.
११.०९ : "मिळालं."
एकच शब्द, पण त्यात सगळं आलं. शनिवारी नक्की.

१२ एप्रिल, शनिवार. दुपारी १२.२०
पौर्णिमा. फोन वाजला. जयश्री! मेसेज नाही, स्वतः फोन. दिवाळीनंतर आज आवाज ऐकला.
मी म्हणालो, "आजपासून जत्रा. कुठवर आलीस? चारोटीला घ्यायला येऊ का?"
ती म्हणाली, "अहो, आधी ऐका. तुमच्या फोनवर ओटीपी आला असेल. माझ्या आधारला तुमचाच नंबर आहे ना. लवकर सांगा, दहा मिनिटंच चालतो."
मेसेज उघडला. पत्ता बदलण्यासाठी, असं लिहिलेलं.
"पत्ता?" मी विचारलं.
"हो. इकडचा टाकतेय. मिथुनच्या नावावरून होतो, फक्त नातं दाखवायला रेशनकार्ड लागतं. तेच तर महिनाभर मागत होते."
मागून सूनबाईच्या मिक्सरचा आवाज येत होता. मी चष्मा शोधतोय, असं म्हणालो. चष्मा डोळ्यांवरच होता.
मग सहा आकडे सांगितले. एकेक करून. तिने परत म्हणून दाखवले. बरोबर होते.
"झालं," ती म्हणाली. आवाज बरा वाटला. बऱ्याच वर्षांत इतका मोकळा ऐकला नव्हता. "जेवलात का?"
हो म्हणालो.
"पुढच्या आठवड्यात नंबरपण बदलून घेते. म्हणजे सारखा तुम्हाला त्रास नको."
त्रास कसला, म्हणालो. तोवर तिने फोन ठेवला होता.