सुमनचे तळवे

शुक्रवार. टँकर न आल्याचा चौथा दिवस.

चूक माझीच. आठ दिवस रोज सुमनच्या तळव्यांना लिंबू-साखर चोळली. दुष्काळी कामावर खडी फोडून घट्टे पडलेले, पाहुण्यांना पोरीचे असे हात कसे दाखवायचे? घट्टे गेले, तळवे मऊ झाले. चेहऱ्याला बेसन-हळदही लावली.

आज पाहुणे आले. मुलाच्या आईनं चेहऱ्याकडं बघितलंच न्हाई. सरळ सुमनचे हात ओढले, तळवे अंगठ्यानं दाबून पाहिले. म्हणाली, "लई मऊ हायेत. दिवाळीनंतर पोरगा सहकारी कारखान्यावर ऊस तोडायला जाणार, तिथं नवरा-बायकोची जोडी लागती. हिला कोयता धरवंल का?"

आणि मी काय म्हणाले? "लई कामाची हाय हो." असं का म्हणाले मी? सतरा वर्षांची पोर, आणि मी बाजारात बैल दाखवावा तशी...

"आठ दिवसांनी पुन्हा बघून जाऊ," म्हणून ते गेले.

संध्याकाळी सुमन चुलीपाशी बसून उरलेलं लिंबू तळव्यांवर घासत होती. वर साखर. मान वर न करता म्हणाली, "आई, ते येतील तवर अजून मऊ व्हायला पायजेत."

मी हात धुवायला माझ्या वाटणीचा पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला.