मटाराएवढं मलम आणि कर्जतची मुलगी

देवळाली प्रवरा

तीर्थस्वरूप रविराजमामांना,

सहादेवचा वाकून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? मामींची शुगर? इकडे सगळे ठीक, माझे तोंड सोडून. फोनच केला असता, पण बोलताना गाल ताणतात, म्हणून लिहितो.

तोंडावरच्या फोडांसाठी मी श्रीरामपूरच्या स्किनच्या डॉक्टरबाईंकडे गेलो होतो. त्यांनी औषधवाल्याकडून खास माझ्यासाठी मलम बनवून दिलं (शर्ट मापानं शिवतात तसं). बजावून सांगितलं, "सगळ्या तोंडाला मिळून मटाराएवढं. एक रात्र सोडून लावा. ऊन टाळा." पण रविवारी कर्जतला मुलगी बघायला जायचं होतं. मी एकेका फोडाला मटाराएवढं लावलं, तेही रोज. (माझ्या जळक्या मोटारी रिवाइंड करायच्या धंद्यात वॉर्निश कमी लावून काही चिकटत नाही, ती सवय.) शनिवारपर्यंत तोंड लालबुंद, आणि उकडलेल्या बटाट्यासारखी सालं निघायला लागली. आईनं घाबरून वर हळद-साय थापली. ती धुतली तरी पिवळेपणा जाईना. तसाच आईला मागं बसवून मोटारसायकलवर भर उन्हात कर्जतला पोचलो.

मुलीच्या वडिलांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. म्हणाले, "आमच्यात हळद पसंतीनंतर लावत्यात." आई पोह्यांकडं बघत बसली. मला तर उठून पळावंसं वाटत होतं.

मग आम्हा दोघांना बोलायला ओसरीवर बसवलं. मुलीचं नाव निकिता. तिनं आधी विचारलं, "किती लावलं?"

"मटाराएवढं."

"एकेका फोडाला?"

मी मान हलवली. ती इतकी हसली, की तिला खांब धरावा लागला. तिच्या थोरल्या भावानंही हेच केलं होतं म्हणे. मग डोळे पुसून म्हणाली, "आता बंद करा आन् डॉक्टरला दाखवा. बरं व्हायला येळ लागतो. मला घाई न्हाई."

मामा, येताना पुन्हा ऊन लागलं, पण मला ते कळलंच नाही.

डॉक्टरबाईंनी मलम सध्या बंद केलं आहे. रागावल्या, पण बऱ्याच हसल्याही.

तुमचा भाचा,
सहादेव

ता.क. निकिताचा होकार आहे. पण तिच्या वडिलांना माझं मूळचं तोंड बघितल्याशिवाय साखरपुडा करायचा नाही. सगळे म्हणतात मी हुबेहूब तुमच्यावर गेलोय. तर येत्या रविवारी तुम्हीच कर्जतला जाऊन तोंड दाखवून या. दाढी करून जा.

ता.ता.क. मामींना नेऊ नका. त्या खरं बोलतात.