उपरण्याखालचा भाव

सर,

काल एका तरुण प्राध्यापकाने आपला न छापलेला निबंध आम्हा चौघांपुढे वाचला. प्रत्येक शंकेला तो मध्येच उत्तर देत होता, आणि मला दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली तुमची भिंगारची ओसरी आठवली. तिथे जमणाऱ्या तुमच्या अभ्यासमंडळात निबंध लिहिणाऱ्याने वाचायचा नसे. तुम्ही वाचायचात, आणि सगळ्यांचे बोलून होईपर्यंत लिहिणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. मंडळाला पटला तरच निबंध पुण्याच्या त्रैमासिकाकडे जाई. मला माझा निबंध तिकडे जायला हवा होता. दुसरे काही सुचत नव्हते त्या दिवसांत.

माझा विषय घोडेगावचा गुरांचा बाजार. वडील तिथे दलाल, त्यामुळे उपरण्याखाली बोटे दाबून भाव कसा ठरतो हे मी लहानपणापासून पाहिलेले. तुमचे वाचून झाल्यावर मंडळातले वकीलसाहेब म्हणाले, "बाजारगप्पा आहेत. याला आधार काय?" तुम्ही खांद्यावरचे उपरणे काढून त्यांच्या हातावर टाकलेत आणि खालून त्यांची बोटे दाबलीत. "आधाराचं नंतर बघू. बैल तुमचा. निबंधात आहे तेवढ्यावरून सांगा, मी काय देतोय?"

"चार बोटं. म्हणजे चाळीस? का चारशे?" वकीलसाहेब पाने उलटतात. "हे कुठंच लिहिलेलं नाही."

"वकिलांचा बैल आज परत घरी," शेजारी बसलेले शास्त्रीबुवा म्हणाले. सगळे हसले.

मी कोपऱ्यात ओठ मिटून बसलो आहे. हात उपरण्याखाली जाण्याआधी दलाल मोठ्याने सांगतो, हिशेब दहाचा की शंभराचा. हे मला इतके सवयीचे होते की लिहायचेच राहिले. माझी पाळी आल्यावर मी घाईघाईने सांगितले. तुम्ही कागद माझ्या हातात दिलेत. "मला कशाला सांगतोस? वाचणाऱ्याच्या शेजारी तू बसणार आहेस का?"

एकच वाक्य घालायचे होते, पण मी सगळा निबंध पुन्हा लिहिला. पुढच्या बैठकीत वकीलसाहेबांनी भाव बरोबर ओळखला, आणि पुण्याच्या पाकिटावर पत्ताही त्यांनीच लिहिला.

पुढे हयात वर्तमानपत्रात गेली. छपाईची कितीही घाई असली तरी माझा मजकूर मी शेजारच्याला मोठ्याने वाचायला लावत असे, आणि गप्प ऐकत असे. हे पत्र मात्र फक्त तुमच्यासाठी, म्हणून कुणाला वाचायला दिलेले नाही. यात काय राहिले ते कुणीही दाखवील, सर. या वेळी मला ते ऐकायचे नाही.